काचेचा दिवा, इटलीची चित्रे आणि आपली मरियामाता

अहिल्यानगर जिल्ह्यातील कॅथोलिक घरांत भिंतीवर दिसणारी काही चित्रे आपणा सर्वांच्या परिचयाची आहेत. प्रभू येशू आणि बारा प्रेषित यांचे शेवटचे भोजन, बाळ येशूला घेऊन मेघांवरून चालत येणारी पवित्र मरिया, हातांवर हनुवटी टेकवून वर पाहणारे दोन बालदूत. शेवटच्या भोजनाचे मूळ चित्र लिओनार्दो दा विंची यांनी १४९५ ते १४९८ या काळात मिलान येथील मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर रंगविले. मेघांवरील मरियामाता आणि ते दोन बालदूत राफाएल यांच्या एकाच चित्रातील आहेत. ते चित्र पोप दुसरे जुलियस यांच्या आज्ञेवरून १५१२ साली काढले गेले व आज जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात आहे. ज्या कालखंडात ही चित्रे निर्माण झाली, त्याला आपण प्रबोधनकाळ म्हणतो.

हीच चित्रे आता रंगीत काचेच्या टेबलदिव्यांवरही पाहावयास मिळतात. विवाहाच्या वेळी, घराच्या आशीर्वादविधीला किंवा नाताळात भेट म्हणून असे दिवे आपल्या घरांत येतात. त्यांतील काही हाताने घडविलेले असतात, तर काहींवर केवळ छापील चित्र चिकटविलेले असते. अशा दिव्यामागे कोणती परंपरा आहे, तो कसा तयार होतो आणि ख्रिस्ती घरात त्याचे स्थान कोणते असावे, हे आम्ही या लेखात समजावून सांगणार आहोत. त्याबरोबरच एक महत्त्वाचा प्रश्नही आम्हांला विचारात घ्यावयाचा आहे. प्रबोधनकाळाच्या चित्रांपासून प्रेरणा घ्यायची म्हणजे नेमके काय घ्यायचे?

चित्रकार आणि काच यांचे जुने नाते

चित्रकला आणि रंगीत काच ही दोन वेगळी क्षेत्रे आहेत असे आज वाटते. प्रबोधनकाळात तसे नव्हते. इ. स. १४०० च्या सुमारास चेन्निनो चेन्निनी या चित्रकाराने आपल्या व्यवसायाची माहिती देणारा एक ग्रंथ लिहिला. खिडकीची मापे घेऊन काच कारागीर चित्रकाराकडे येतो आणि चित्रकार त्याला पूर्ण आकाराचे रेखाटन कागदावर काढून देतो, अशी पद्धत त्यात वर्णिलेली आहे. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलमधील घुमटाखालच्या गोल खिडक्यांसाठी गिबर्टी, दोनातेल्लो, उचेल्लो आणि कास्तान्यो यांसारख्या नामवंतांनी १४३० ते १४५० या दरम्यान अशी रेखाटने केली. त्याच शहरातील सांता मारिया नोव्हेल्ला या चर्चमध्ये गिर्लांदायो यांनी भिंतींवरील चित्रे तर काढलीच, पण खिडकीच्या काचेचे रेखाटनही त्यांनीच केले.

या कामात मठवासीही होते. गियोम द मार्सिया हे फ्रेंच डॉमिनिकन संघीय इटलीत आले आणि आरेझ्झो येथील कॅथेड्रलच्या खिडक्यांमुळे प्रसिद्धी पावले. डॉमिनिकन संघाचेच फ्रा आंजेलिको यांनी फ्लॉरेन्सच्या सान मार्को मठात आपल्या सहबंधूंच्या खोल्यांतून प्रभूच्या जीवनातील प्रसंग रंगविले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८२ साली त्यांना धन्यवादित घोषित केले आणि १९८४ साली ते कलावंतांचे आश्रयदाते ठरले.

तरीही चित्र आणि काच यांत एक मूलभूत भेद आहे आणि तो लक्षात घेतल्याशिवाय काचेच्या दिव्याचे मर्म कळत नाही. भिंतीवरील चित्रावर प्रकाश बाहेरून पडतो. त्यातील उजेड आणि सावली हे दोन्ही चित्रकाराने रंगांनी निर्माण केलेले भास असतात. काचेत मात्र प्रकाश आरपार येतो. दिवा मालवला की काच काळवंडते, दिवा लावला की तीच काच बोलू लागते. लिओनार्दो यांनी शेवटच्या भोजनाच्या चित्रात प्रभूच्या मस्तकाभोवती तेजोवलय काढले नाही. प्रभूच्या मागे एक उघडी खिडकी दाखविली आणि तिच्यातील प्रकाशालाच वलयाचे काम दिले. मागून येणाऱ्या प्रकाशाने पुढची आकृती उजळावी, हीच काचेची रीत आहे.

खिडकीतून टेबलावर

चर्चच्या खिडकीतील काच घरातील टेबलावर आली ती विजेच्या दिव्यामुळे. अमेरिकेतील लुई कम्फर्ट टिफनी (१८४८-१९३३) यांनी १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात रंगीत काच व कुट्टिमचित्रे यांनी सजविलेले एक संपूर्ण प्रार्थनामंदिर मांडले. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेमुळे १८९३ चे शिकागो आपल्या देशातही सर्वपरिचित आहे. त्यानंतरच्या काही वर्षांत टिफनी यांच्या कारखान्यातून रंगीत काचेचे तुकडे जोडून केलेले टेबलदिवे बाहेर पडू लागले आणि त्या प्रकाराला त्यांचेच नाव चिकटले.

या दिव्यांपैकी अनेक प्रसिद्ध नमुन्यांची कल्पना क्लारा ड्रिस्कॉल (१८६१-१९४४) या महिलेची होती. कारखान्यातील स्त्रियांच्या काच कापण्याच्या विभागाच्या त्या प्रमुख होत्या. त्यांचा लोंबत्या निळ्या फुलांचा एक दिवा जवळजवळ दोन हजार तुकड्यांचा आहे. अनेक दशके हे सारे श्रेय एकट्या मालकाकडे गेले. ड्रिस्कॉल यांनी घरी पाठविलेली पत्रे उजेडात आल्यानंतर २००७ साली न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शन भरले, तेव्हा या कारागीर स्त्रियांचे काम लोकांपुढे आले. हाताने घडविलेली वस्तू विकत घेताना ती कोणाच्या हाताने घडली हे विचारणे, ही त्या श्रमाला दिलेली दाद आहे, असे आम्हांला वाटते.

आपल्या मराठी मुलुखाला काचेचा व्यवसाय नवा नाही. जुन्या वाड्यांत काचेच्या हंड्या आणि झुंबरे टांगलेली असत. स्वदेशीच्या चळवळीत लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे सुरू झाला. १९१६ साली स्थापन झालेल्या ओगले बंधूंच्या काच कारखान्यामुळे कराडजवळ ओगलेवाडी वसली आणि तेथील ‘प्रभाकर’ कंदील एकेकाळी खेडोपाडी पोहोचला. वीज येण्यापूर्वी कित्येक घरांतील सायंप्रार्थना अशाच एखाद्या कंदिलाच्या उजेडात झाली असेल.

दिवा कसा घडतो

हाताने घडविलेल्या काचदिव्याचे काम कागदापासून सुरू होते. प्रथम संपूर्ण चित्राचे रेखाटन मूळ आकारात केले जाते आणि त्यातील प्रत्येक तुकड्याला क्रमांक दिला जातो. छत्री घुमटाकार असेल तर हे रेखाटन तशाच आकाराच्या साच्यावर बसवावे लागते. मग तुकड्यांचे कागदी नमुने कापून ते काचेवर ठेवतात. ही काच साधारणतः तीन मिलिमीटर जाडीची असते आणि तिचा रंग वरून लावलेला नसून काच वितळलेली असतानाच तिच्यात मिसळलेला असतो. कोबाल्टमुळे काच निळी होते, लोह व क्रोमियममुळे हिरवी होते, तर तांबे किंवा सोने यांच्या अत्यल्प अंशामुळे तिला माणकासारखा लाल रंग येतो. एकाच तक्त्यात कोठे गडद तर कोठे फिकट छटा असते. कोणता भाग कोठे वापरावा, हे ठरविण्यात कारागिराचा खरा कस लागतो.

काच कापण्याच्या हिऱ्याने किंवा पोलादी चाकाच्या कलमाने काचेवर रेघ ओढतात आणि त्या रेघेवर तिला अलगद मोडतात. काच प्रत्यक्षात कापली जात नाही, आखलेल्या रेषेवर ती तुटते. कडा पाण्याच्या साहाय्याने घासून गुळगुळीत केल्यावर प्रत्येक तुकड्याच्या कडेला पाच-सहा मिलिमीटर रुंदीची, मागे गोंद असलेली पातळ तांब्याची पट्टी गुंडाळतात. तुकडे शेजारी शेजारी मांडून या पट्ट्या कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाने झाळतात, म्हणजेच सोल्डरिंग करतात. काचेला हा धातू चिकटत नाही, तांब्याला चिकटतो. म्हणून पट्टी हवी. शेवटी मोरचुदाच्या द्रावणाने या रेषांना तांबूस झाक आणतात, छत्रीच्या कडेला तारेचा आधार देतात आणि तिला बैठकीवर बसवून विजेची जोडणी करतात.

पवित्र चित्रांच्या बाबतीत एक अडचण येते. वस्त्रे, आकाश, झाडे, फुले हे सारे काचेच्या तुकड्यांतून साधता येते. मुख आणि हात मात्र साधत नाहीत. डोळा किंवा ओठ यांच्याएवढे बारीक तुकडे कापले तर त्यांच्या कडेच्या धातूच्या रेषांनी चेहरा विद्रूप होईल. त्यासाठी जुन्या खिडक्यांत वापरली गेलेली पद्धतच वापरावी लागते. लोहाचे भस्म आणि काचेची पूड यांच्यापासून केलेल्या गडद रंगाने फिकट काचेवर मुखाच्या रेषा काढतात आणि तो तुकडा भट्टीत सुमारे ६०० ते ६५० अंश सेल्सियसपर्यंत तापवितात. रंग काचेशी एकजीव होतो. तो नखाने निघत नाही आणि पुसल्यानेही जात नाही.

यावरून खरा हस्तनिर्मित दिवा ओळखण्याच्या काही खुणा आपल्याला मिळतात. बोट फिरविल्यास जोडाच्या रेषा दोन्ही बाजूंनी उंच लागल्या पाहिजेत. रंग काचेच्या जाडीत असला पाहिजे. दोन शेजारच्या तुकड्यांची छटा तंतोतंत सारखी नसावी. रेषा केवळ वरच्या बाजूने काढलेल्या असतील किंवा चित्राची कड नखाने सुटत असेल, तर तो छापील माल समजावा. छापील दिवा घेण्यात काहीच गैर नाही, परंतु हस्तनिर्मित म्हणून त्याची किंमत देऊ नये.

चित्रातून काचेत उतरविताना

एखादे प्रसिद्ध चित्र जसेच्या तसे काचेत उतरविण्याचा प्रयत्न बहुधा फसतो. लिओनार्दो यांच्या चित्रांतील धुरकट, हळुवार विरघळत जाणाऱ्या सावल्या काचेत येऊ शकत नाहीत, कारण काचेत प्रत्येक रंगाची सीमा धातूच्या रेषेने बांधलेली असते. म्हणून जाणता कारागीर मूळ चित्रातील मोजक्याच गोष्टी घेतो. आकृत्यांची मांडणी, मस्तकाचा कल, हातांची ठेवण आणि रंगांचा परस्परसंबंध एवढे तो ठेवतो, बाकीचे सोडून देतो. धातूची रेषा शक्यतो पदराच्या चुणीवर किंवा झाडाच्या फांदीवर यावी, म्हणजे ती चित्राचाच भाग वाटते.

आकाराचाही विचार करावा लागतो. घुमटाकार छत्रीवर मुखाकृती वाकडी दिसते. त्यामुळे घुमटावर फुले, पाने, तारे अशी नक्षी घ्यावी आणि मूर्तिचित्र हवे असेल तर चार सपाट बाजूंचा, कंदिलासारखा दिवा करावा. फ्लॉरेन्सच्या पित्ती राजवाड्यात राफाएल यांचे १५१३-१४ च्या सुमाराचे एक वर्तुळाकार चित्र आहे. त्यात खुर्चीवर बसलेल्या मरियेने बाळ येशूला कवटाळले आहे आणि दोघांची मस्तके एकमेकांना टेकलेली आहेत. मांडणी इतकी एकसंध आहे की गोल सपाट काचेसाठी तिच्याहून चांगला आदर्श सापडणे कठीण.

रंगांमागेही अर्थ असतो. प्रबोधनकाळातील चित्रांत मरियेचा झगा बहुधा लाल आणि वरचे वस्त्र निळे असते. हा निळा रंग अफगाणिस्तानातील बदख्शान प्रांतात सापडणाऱ्या लाजवर्द दगडापासून बनत असे आणि तो अतिशय महाग होता. जे सर्वांत मौल्यवान ते मरियेला, अशी त्यामागील भावना होती. त्या काळचे चित्रकार लहानसहान वस्तूंतूनही शिकवण देत. शुभ्र लिली मरियेच्या निर्मळतेची खूण होती. राफाएल यांच्या आणखी एका चित्रात बालक येशू आणि बालक योहान यांच्यामध्ये एक इवलासा पक्षी आहे, तो प्रभूच्या पुढील दुःखसहनाचे सूचन करतो.

मरियेने कोणते वस्त्र ल्यावे?

आता आपण आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. वर उल्लेखिलेल्या वर्तुळाकार चित्रात मरिया कशी दिसते? तिच्या खांद्यावर कशिद्याची शाल आहे, डोक्याला रंगीत पट्ट्यांचे फडके गुंडाळले आहे. नासरेथमधील पहिल्या शतकातील स्त्री अशी दिसत नव्हती. ती राफाएल यांच्या काळच्या इटलीतील एखाद्या तरुण मातेसारखी दिसते. त्या काळातील असंख्य चित्रांबाबत हेच म्हणता येईल. बेथलेहेमच्या गोठ्यामागे इटलीच्या टेकड्या दिसतात, देवदूत निरोप घेऊन येतो तो फ्लॉरेन्सच्या घराच्या ओसरीत. त्या चित्रकारांनी शुभवर्तमान आपल्या गावात, आपल्या लोकांच्या वेशात आणि आपल्या घराच्या अंगणात पाहिले. त्यांच्या चित्रांचे सामर्थ्य या जवळिकीत आहे.

मग त्यांचे खरे अनुकरण कशात आहे? त्यांनी काढलेला इटालियन चेहरा पुन्हा पुन्हा गिरविण्यात की त्यांनी जे केले तेच आपल्या भूमीत करण्यात? आमचे उत्तर दुसऱ्या बाजूला झुकते आणि त्यासाठी आपल्याच इतिहासात भक्कम आधार आहे.

अहमदनगर शहर ही प्रबोधनकाळाचीच समकालीन निर्मिती आहे. मलिक अहमदने १४९० साली निजामशाहीची स्थापना केली आणि पुढे चार वर्षांनी शहर वसविले, तेव्हा इटलीत राफाएल अकरा वर्षांचे होते आणि मिलानच्या भोजनगृहातील चित्राला प्रारंभही झालेला नव्हता. या दरबाराचा युरोपशी संबंध होता. निजामशाहीच्या ताब्यातील चौल बंदरात पोर्तुगीजांची वसाहत होती. भारतीय वनौषधींवरील ज्यांचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला, ते पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्टा बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी येत असत. निजामशाहीत स्वतःची चित्रशैलीही होती. आफताबी या कवीच्या, हुसेन निजामशहाचे गुणगान करणाऱ्या फारसी काव्याची १५६५ च्या सुमाराची सचित्र प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जतन केलेली आहे. दख्खनच्या चित्रकलेच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत तिची गणना होते. म्हणजे युरोपात मरियेची ती चित्रे रंगत होती त्याच शतकात आपल्या जिल्ह्याच्या भूमीवरही रंग आणि रेषा यांची जाण होती.

उत्तरेत याच सुमारास या दोन जगांची भेट झाली. १५८० साली धन्य रुदोल्फ आक्वाविवा आणि त्यांचे येशूसंघीय सोबती अकबराच्या दरबारी फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. त्यांनी आपल्याबरोबर युरोपात छापलेले अनेक भाषांतील बायबल आणि मरियेची चित्रे नेली होती. मोगल चित्रकारांनी ती चित्रे अभ्यासली, त्यांच्या प्रती केल्या आणि हळूहळू मरिया मोगल महिरपींखाली, तेथील गालिचांवर बसलेली दिसू लागली.

शब्दांच्या क्षेत्रात हेच काम मराठीत झाले. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज, परंतु त्यांनी तारणाचा इतिहास मराठी ओवीत गायिला आणि १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यातील राशोल येथे छापले गेले. पुढे आपल्याच जिल्ह्यात, अहमदनगर आणि राहुरी येथे राहून रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी भजन आणि कीर्तन यांच्या द्वारे ख्रिस्त गायिला. ते प्रॉटेस्टंट मंडळीचे होते, तरी त्यांच्या कार्याचा ठेवा सर्व मराठी ख्रिस्तजनांचा आहे.

चित्रांच्या क्षेत्रात हे धाडस करणारे कॅथोलिक कलावंत म्हणजे आंजेलो दा फोन्सेका. १९०२ साली गोव्यातील सांतो इस्तेव्ह येथे त्यांचा जन्म झाला. मुंबईचे जे. जे. कला विद्यालय सोडून ते बंगालमध्ये गेले आणि अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले. त्यांनी मरियेला साडी नेसविली आणि तिला आपल्या मातीचा सावळा वर्ण दिला. गोव्यात त्यांच्यावर कठोर टीका झाली. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात त्यांना आसरा मिळाला आणि १९६७ साली पुण्यातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज गोव्यात पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे.

जी गोष्ट राफाएल यांनी केली तेव्हा कोणाला खटकली नाही, तीच फोन्सेका यांनी केली तेव्हा खटकली, हे विचार करण्याजोगे आहे. युरोपातून आलेल्या मिशनरींनी आपल्या गावांत श्रद्धेचे बीज पेरले आणि त्यांच्यामागोमाग तेथील चित्रेही आली. त्यांबद्दल आपण कृतज्ञ आहोत. पण ती चित्रे पाहून पाहून मरिया गौरवर्णीच असली पाहिजे, असा समज जर एखाद्या ऊसतोड करणाऱ्या मातेच्या मुलीच्या मनात रुजला, तर स्वतःची आई आणि येशूची आई यांच्यात तिला कोणते साम्य दिसेल? १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या घटनेत स्पष्ट केले की, ख्रिस्तसभेने कोणतीही एकच कलाशैली आपली म्हणून स्वीकारलेली नाही. प्रत्येक काळाची आणि प्रत्येक लोकसमूहाची कला, आदर राखून, तिच्या सेवेत येऊ शकते. दर सप्टेंबरमध्ये हरेगावच्या यात्रेला जमणारे भाविक मरियेला ‘मतमाउली’ म्हणतात. वारकऱ्यांनी ज्या शब्दाने विठ्ठलाला आणि ज्ञानोबांना हाक मारली, तोच माउली हा शब्द आपण तिला दिला. भाषेने जे केव्हाच केले आहे, ते काचेने का करू नये?

कल्पना करून पाहावी. सपाट बाजूंचा एक कंदील, त्यावर खुर्चीऐवजी पाटावर बसलेली मरिया, राफाएल यांच्या चित्राप्रमाणेच बाळाच्या मस्तकाला टेकलेले तिचे मस्तक. लाजवर्दी निळ्या झग्याच्या जागी गोदावरीपलीकडच्या पैठणीचा निळा काठपदर. लिलीच्या जागी आपल्या शेतातील शेवंती. दुःखसहनाची खूण म्हणून बाभळीचा काटा आणि दिव्य भाकरीची खूण म्हणून ज्वारीचे भरले कणीस. असा दिवा इटलीच्या गुरूंचा खरा शिष्य ठरेल.

घरातील स्थान आणि मर्यादा

अशा दिव्याला घरात कोणते स्थान द्यावे, याबाबत काही गोष्टी स्पष्ट असाव्यात. चर्चमध्ये पवित्र साक्रामेंत ठेवलेल्या पेटिकेजवळ जो अखंड दिवा असतो, तो तेलाचा किंवा मेणाचा असावा, अशी मिस्साग्रंथातील सूचना आहे. तेथे प्रभूच्या प्रत्यक्ष सान्निध्याची खूण असते. विजेचा कलात्मक दिवा कितीही सुंदर असला तरी तो त्या दिव्याची जागा घेऊ शकत नाही. पास्काच्या रात्री पेटविलेली मेणबत्ती आणि बाप्तिस्म्याच्या वेळी तिच्यावरून पेटवून दिलेली मेणबत्ती यांचेही महत्त्व असेच अनन्य आहे. काचेचा दिवा हा घरातील प्रार्थनेचा सोबती आहे. रोझरीच्या वेळी तो लावावा, त्याच्या उजेडात शुभवर्तमान वाचावे.

प्रतिमेला दिलेला मान त्या प्रतिमेत दर्शविलेल्या व्यक्तीला पोहोचतो, ही शिकवण ७८७ सालच्या नायसीया परिषदेपासून चालत आली आणि १५६३ साली ट्रेंटच्या परिषदेने ती पुन्हा सांगितली. म्हणून मरियेचे मुख असलेला दिवा दूरचित्रवाणी संचावर शोभेसाठी ठेवणे उचित नाही. धर्मगुरूंकडून आशीर्वादित केलेली वस्तू आदराने हाताळावी. दुर्दैवाने ती फुटलीच तर तुकडे कचऱ्यात न टाकता स्वच्छ जागी जमिनीत पुरावेत.

सुरक्षेच्या दृष्टीनेही काळजी आवश्यक आहे. दिव्यात कमी उष्णता देणारा एलईडी बल्ब वापरावा. जोडाच्या रेषांत बहुधा शिसे असते, त्यामुळे दिवा पुसल्यावर हात धुवावेत आणि लहान मुलांना तो तोंडात घालू देऊ नये. ज्यांना हे काम शिकावयाचे आहे त्यांनी चष्मा वापरावा, काचेची धूळ पाण्याने बसवावी, खेळत्या हवेत झाळकाम करावे आणि शक्यतो शिसेविरहित कथील घ्यावे.

आपल्या तरुणांसाठी

हे काम आपल्याला जमेल का, अशी शंका कोणी घेईल. नाताळ जवळ आला की आपल्या वाड्यावस्त्यांवरील मुले कामट्या बांधतात, रंगीत कागद चिकटवितात आणि आत दिवा ठेवून तारा उंच टांगतात. काचदिव्याचे तत्त्व याहून निराळे नाही. सांगाडा, रंगीत पडदा आणि आतून येणारा प्रकाश हे तिन्ही आपल्या मुलांना ठाऊक आहेत. धर्मग्रामातील युवक-युवतींनी पहिल्या वर्षी कागदाचा चौकोनी कंदील करावा, त्यावर मरियेचे आपल्या वेशातील चित्र रेखाटावे. नंतर सहा-आठ तुकड्यांचा एक सपाट काचफलक जोडून पाहावा. त्यातून एखाद्या हाताला रोजगाराची वाट सापडली तर उत्तमच. पण तसे झाले नाही तरी एक लाभ निश्चित आहे. मरियेने कोणती साडी नेसावी, तिच्या हाती काय असावे, असा विचार करीत जो एक आठवडा घालवील, तो तिला अधिक जवळून ओळखू लागेल.

प्रभूने आपल्या शिष्यांना जगाचा प्रकाश म्हटले आणि दिवा मापाखाली झाकण्यासाठी नसतो, दिवठणीवर ठेवण्यासाठी असतो, याची त्यांना आठवण करून दिली. काचेला स्वतःचा प्रकाश नसतो. आतील ज्योतीला आपला रंग देऊन ती घरभर पसरविणे एवढेच तिचे काम. मरियेनेही याहून वेगळे काही केले नाही. तिच्या उदरातून आलेला प्रकाश तिचा नव्हता, तरी त्याला मानवी देह तिने दिला. तोच प्रकाश अहिल्यानगरच्या मातीचा रंग घेऊन आपल्या घराघरांत उजळावा, अशी आम्ही मतमाउलीच्या मध्यस्थीने प्रार्थना करतो.